राजाची रोजकीर्द

लहानपणी दिवाळीत मला फटाक्यांपेक्षा अधिक कुतूहल वाटे ते वहीपूजनाचे. सांगलीच्या पेठेत आमच्या एका आप्तांचे हळदीचे अडत दुकान होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तेथे गादीवर शुभ्र चादर अंथरली जाई, चौरंगावर लाल बांधणीच्या नव्या वह्या रचल्या जात, त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक निघे आणि घरातील यच्चयावत मंडळी त्या कोऱ्या कागदांना नमस्कार करीत. ज्या वहीत अजून एक अक्षरही लिहिलेले नाही तिला नमस्कार कशासाठी, असा प्रश्न मी एकदा दुकानाच्या वृद्ध दिवाणजींना विचारला. ते हसून म्हणाले, "बाळ, कोऱ्या वहीला कुणीही नमस्कार करील. वर्षाअखेर भरलेल्या वहीला करता आला पाहिजे."

त्या दिवाणजींचे दोन नियम मला अजून आठवतात. पहिला असा की, त्या दिवशीची रोजकीर्द मिळाल्याशिवाय दुकानाला कुलूप लागायचे नाही. एक रुपया कमी भरला तरी सगळे खोळंबून बसत. मालक स्वतः "अहो, जाऊ द्या हो दिवाणजी, एका रुपयाचे काय एवढे!" असे म्हणाले तरी ते ऐकत नसत, कारण रुपया गेल्याचे त्यांना दुःख नव्हते, तो कोठे गेला हे न कळल्याचे होते. दुसरा नियम असा की, चुकलेली रक्कम खरवडून काढायची नाही. ती तशीच राहू द्यायची आणि चूक ध्यानात येईल त्या दिवशी तिची उलटी नोंद करायची. वहीत चूक दिसली तरी चालेल, खाडाखोड दिसता कामा नये.

पुढे वाचनाचे वेड लागले आणि थोरामोठ्यांची आत्मचरित्रे, रोजनिश्या, टिपणे हाती पडत गेली, तेव्हा या दोन नियमांची आठवण मला वारंवार होऊ लागली. ज्यांच्या हाती हजारो-लाखो माणसांचे बरेवाईट असते अशी माणसे स्वतःचा हिशेब ठेवतात का? ठेवत असली तर तो रोजच्या रोज मिळवतात का? आणि मिळवलाच, तर त्याचा प्रजेला काही उपयोग होतो का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. आपल्याकडे आत्मपरीक्षणाची थोरवी गाणारे पुष्कळ. पण ते करणाऱ्या राजाची प्रजा न करणाऱ्या राजाच्या प्रजेपेक्षा खरोखर सुखी झाली का, हे विचारणारे थोडे. या लेखात तोच प्रश्न काही प्रत्यक्ष वह्या उलगडून पाहावा, असा विचार आहे.

१

आरंभ एका रोमन बादशहापासून करू. मार्कस ऑरेलियस इ. स. १६१ ते १८० अशी एकोणीस वर्षे रोमच्या साम्राज्याचा धनी होता. ब्रिटनपासून सीरियापर्यंत पसरलेले राज्य, पूर्वेला पार्थियनांशी युद्ध, उत्तरेला डॅन्यूब नदीपलीकडच्या टोळ्यांचे हल्ले, आणि १६५ च्या सुमारास पूर्वेकडून परतलेल्या सैन्याबरोबर आलेली भयंकर साथ, असा त्याच्या कारकिर्दीचा पट आहे. युद्धाचा खर्च भागेना तेव्हा नवे कर बसवण्याऐवजी त्याने राजवाड्यातील उंची वस्तूंचा लिलाव मांडला, असे जुने इतिहासकार सांगतात. अशा धामधुमीत या माणसाने स्वतःसाठी काही टिपणे लिहिली. ती लॅटिनमध्ये नव्हेत, ग्रीकमध्ये. म्हणजे दरबाराच्या भाषेत नव्हेत, अभ्यासाच्या भाषेत. त्यांची बारा प्रकरणे आज उपलब्ध आहेत. एकाच्या माथ्यावर क्वादी टोळीच्या मुलखातील एका नदीचा उल्लेख आहे, दुसऱ्याच्या माथ्यावर कार्नुन्तुम येथील छावणीचा. एवढ्या दोन खुणांवरून आपल्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते : बाहेर थंडी, पहारेकऱ्यांची पावले, आणि आत तंबूत एक प्रौढ, प्रकृतीने नाजूक माणूस बोरू घेऊन बसलेला.

या टिपणांना त्याने नावही दिलेले नाही. 'स्वतःस' अशा अर्थाचे शीर्षक मागाहून रूढ झाले. ती छापून निघाली १५५९ साली, झुरिक येथे; म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी. वाचक मिळावा म्हणून लिहिलेल्या पुस्तकाची ही जन्मकथा नव्हे.

ही वही वाचू लागले की पहिली भावना होते ती, खरे सांगायचे तर, कंटाळ्याची. तेच ते विचार पुनःपुन्हा येतात. सर्व काही क्षणभंगुर आहे. कीर्ती म्हणजे धूर आहे. इतरांच्या वागण्यावर आपली सत्ता नाही, आपल्या मनावर मात्र आहे. जे सर्वांच्या हिताचे नाही ते आपल्याही हिताचे नाही. शंभर पानांनंतरही तेच. साहित्यकृती म्हणून पाहणाऱ्या टीकाकाराला येथे रचना सापडत नाही, विकास सापडत नाही. परंतु थोडे थांबून विचार केला की ध्यानात येते, हा दोष पुस्तकाचा नसून आपल्या अपेक्षेचा आहे. रोजकीर्द कोणी कादंबरी म्हणून वाचत नाही. तोच विचार पुन्हा लिहावा लागला, याचा अर्थ तो काल लिहूनही आज विसरला होता. पुनरुक्ती हाच येथे नियमितपणाचा पुरावा आहे. वैद्याने दिलेली मात्रा रोज तीच असते म्हणून ती कोणी नीरस म्हणून टाकून देत नाही.

आणि पुनरुक्तीच्या त्या राखेखाली निखारे आहेत. एके ठिकाणी बादशहा पहाटे अंथरुणातून उठायला कुरकुरणाऱ्या स्वतःला दटावतो. पांघरुणाच्या उबेत पडून राहण्यासाठीच तुझा जन्म झाला का, अशा अर्थाचे तो स्वतःला विचारतो. शाळकरी मुलाला आई ज्या स्वरात उठवते तोच हा स्वर! दुसऱ्या एका जागी तो आपल्या जांभळ्या राजवस्त्राकडे पाहतो आणि मनाशी म्हणतो की हे वस्त्र म्हणजे शिंपल्यातील किड्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. त्या काळी हा जांभळा रंग म्हणजे साक्षात सत्ता; आणि सत्ताधीश एकांतात त्या रंगाची किंमत करतो ती अशी. आणखी एके ठिकाणी तो स्वतःला बजावतो की, सांभाळ, तुझा 'सीझर' होऊ देऊ नकोस. जो सीझर आहेच त्याने स्वतःला हे सांगावे यातच या वहीचे सारे मर्म आले. पद अंगावर असू दे, अंगात भिनू देऊ नकोस, एवढाच त्याचा भावार्थ.

लक्षात घेण्यासारखी आणखी एक गोष्ट. त्या वहीत बादशहा स्वतःला 'तू' म्हणतो. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची ही रीत मराठी माणसाला परकी नाही. समर्थांचे 'मनाचे श्लोक' ज्यांच्या घरात म्हटले जातात त्यांना तर मुळीच नाही. फरक एवढाच की, समर्थांचे श्लोक दहा मुखांनी एका सुरात म्हणण्यासाठी आहेत. मार्कसचे बोलणे एकट्याच्याच कानासाठी आहे. आणि या एकट्याने आपला गुरू कोणाला केले? एपिक्टेटस या एका काळच्या गुलामाला. त्याची प्रवचने आपल्याला रुस्तिकस नावाच्या गुरूने आणून दिली, याची कृतज्ञ नोंद पहिल्याच प्रकरणात आहे. जगाच्या मालकाने गुलामगिरीतून आलेल्या माणसाकडून स्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकावे, यासारखे नाट्य इतिहासात विरळा.

२

येथवर सगळे गोड आहे. आता दिवाणजींच्या नजरेने ही वही तपासू.

पहिले प्रकरण म्हणजे ऋणांची यादी आहे. आजोबा, आई, गुरू, दत्तक पिता अंतोनायनस; कोणाकडून काय घेतले ते एकेका ओळीत जमेस धरले आहे. शेवटी देवांचे आभार मानताना बादशहा लिहितो की आपल्याला सालस व प्रेमळ पत्नी मिळाली, आणि आपली मुले मंदबुद्धी किंवा व्यंग असलेली निपजली नाहीत. या ओळीवर आपले बोट थांबते. कारण या मुलांपैकीच एक कोमोडस. त्याच्या आधीच्या चार बादशहांनी पोटचा मुलगा नसल्यामुळे लायक माणूस पाहून दत्तक घेतला होता, आणि रोमला ओळीने चांगले राज्यकर्ते लाभले होते. मार्कसला मुलगा होता. १७७ साली त्याने त्याला आपल्या बरोबरीचा बादशहा केले. १८० मध्ये बाप गेला आणि पुढची बारा वर्षे रोमने काय भोगले ते सर्वश्रुत आहे. हा मुलगा स्वतःला हर्क्युलीस म्हणवून घेई, आखाड्यात उतरून लढे. अखेर १९२ च्या वर्षअखेरीस त्याचा गळा आवळण्यात आला.

म्हणजे रोज रात्री स्वतःचा कसून हिशेब घेणाऱ्या माणसाच्या वहीत त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी तूट दिसतच नाही. ज्या १७७ साली मुलाला सिंहासनावर बसवले त्याच साली गॉलमधील लिऑन येथे ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ झाला. त्याचाही हिशेब या वहीत नाही. बादशहा स्वतःचा राग, स्वतःचा आळस, स्वतःची कीर्तीची हाव यांची झडती घेतो. आपण घेतलेल्या निर्णयांची मात्र घेत नाही. मन स्वच्छ ठेवले की राज्य आपोआप स्वच्छ राहील, अशी त्याची श्रद्धा दिसते. ती श्रद्धा खोटी ठरली.

मग काय, वही फुकट गेली? इतक्या झटपट निकाल देऊ नये. १७५ साली अविडियस कॅसियस या त्याच्या सेनापतीने बंड केले आणि स्वतःला बादशहा म्हणून घोषित केले. थोड्याच महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याला मारून त्याचे शिर मार्कसकडे पाठवले. ते शिर पाहण्यासही मार्कसने नकार दिला आणि बंडवाल्यांच्या बाबतीत तो सौम्यपणाने वागला, असे इतिहासकार नोंदवतात. रोमच्या इतिहासात अशा प्रसंगी रक्ताचे पाट वाहत. येथे ते वाहिले नाहीत. इतर काय करतात ते आपल्या हाती नाही, आपण काय करतो ते आहे, हे वाक्य शंभर वेळा लिहून ठेवलेल्या माणसाचे हे वर्तन आहे. त्या दिवशी वही उपयोगी पडली. ज्या खात्याची नोंद तो रोज करीत होता, त्या रागाच्या खात्यावर तो खरा उतरला. ज्या खात्याचे पानच त्याने उघडले नव्हते, त्या ममतेच्या खात्यावर तो फसला. आत्मपरीक्षणाची शक्ती आणि मर्यादा, दोन्ही येथे शेजारी शेजारी दिसतात.

३

वही नुसती नियमित असून भागत नाही, हे दाखवणारे दुसरे उदाहरण करमणुकीचेही आहे. फ्रान्सचा सोळावा लुई रोजनिशी ठेवीत असे, आणि ती फार नेमाने. १४ जुलै १७८९ या दिवशी पॅरिसच्या जनतेने बास्तीलचा तुरुंग सर केला. त्या तारखेपुढे राजाच्या वहीत 'काही नाही' अशा अर्थाचा एकच शब्द आहे. त्याच्यावर अन्याय नको म्हणून सांगितले पाहिजे की ही वही मुख्यतः शिकारीची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही एवढाच तिचा अर्थ. पण ज्याच्या राज्यात भाकरी मिळत नव्हती त्याने रोज नेमाने मोजायला निवडली ती हरणे! वही कोणत्या गोष्टीची ठेवायची हे ठरले की माणसाचे निम्मे परीक्षण तेथेच होऊन जाते.

आपल्या घरचे उदाहरण याहून गंभीर आहे. नाना फडणिसांचे आत्मवृत्त मराठी गद्यातील एक नवलच म्हटले पाहिजे. उत्तर पेशवाईचा हा सूत्रधार, ज्याचे नाव घेताच आपल्याला आठवते ती धूर्त मुत्सद्दीगिरी आणि ओठ घट्ट मिटलेला चेहरा, त्याने आपल्या बाळपणाविषयी, तारुण्यातील विषयवासनेविषयी, मनाच्या चांचल्याविषयी इतक्या उघडपणे लिहावे हे पाहून वाचक चकित होतो. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर तो एकोणीस वर्षांचाही झालेला नव्हता. आई आणि पत्नी बरोबर होत्या. रणातून जीव वाचवून तो निघाला. पत्नी पुढे सुखरूप भेटली, आई मात्र कायमची अंतरली. हा भाग वाचताना त्याने स्वतःला शूर ठरवण्याचा यत्न केलेला नाही, हे जाणवते. पळालेला माणूस आपण पळालो असे लिहितो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या दरबारी माणसाकडून ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हे आत्मवृत्त पानिपताच्या आसपासच आटोपते. ज्या नानाने पुढे बारभाईंचे कारस्थान उभारले, महादजी शिंद्यांशी डाव-प्रतिडाव केले, पुण्याची गादी अंगाखांद्यावर सांभाळली, तो नाना त्यात नाही. १७९१ साली घाशीराम कोतवालाने कोंडून घातलेले परदेशी ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारले; त्या कोतवालाला इतके दिवस मोकळे कोणी सोडले होते? १७९५ साली एकवीस वर्षांचा सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून गेला. त्या मुलाच्या लहानपणावर आणि तारुण्यावर कडक पहारा कोणाचा होता? या प्रश्नांची पाने नानाने आपल्या हाताने लिहिली असती, तर मराठीत मार्कसच्या तोडीचा ग्रंथ झाला असता. नानाची पत्रे ढिगांनी आहेत. पण पत्र हे दुसऱ्याला लिहिलेले असते, आणि मुत्सद्द्याचे पत्र तर दुसऱ्याने काय समजावे हे आधी ठरवून लिहिलेले असते.

येथे एक कटू गोष्ट ध्यानात येते. आपल्या पराभवाविषयी, तारुण्यातील मोहांविषयी प्रांजळपणे लिहिणे माणसाला जमते, कारण तो 'मी' आता मागे पडलेला असतो. सत्तेवर असलेल्या 'मी'विषयी लिहिणे मात्र जमत नाही. ज्या काळात वहीची सर्वांत अधिक गरज, नेमकी त्याच काळात ती बंद पडते. भरभराटीत असलेला दुकानदारच रोजकीर्द लिहायचा कंटाळा करतो, असा त्या दिवाणजींचाही अनुभव होता.

४

या नियमाला एक ठळक अपवाद आहे, आणि तो वाचकांच्या मनात केव्हाच येऊन गेला असेल. महात्मा गांधींनी 'सत्याचे प्रयोग' लिहिले ते निवृत्तीनंतर नव्हे. १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन' साप्ताहिकातून ते आठवड्याला एक याप्रमाणे गुजरातीत प्रसिद्ध होत गेले. म्हणजे हिशेब एकांतात नव्हे, भर पेठेत, गिऱ्हाइकांच्या देखत मांडलेला!

या पद्धतीत धोका आहे. चार लोकांसमोर दिलेल्या कबुलीत थोडी प्रतिष्ठाही मिसळलेली असते. "पाहा, मी किती खरे बोलतो" हा सूर केव्हा शिरतो ते कळत नाही. गांधीजींच्या पुस्तकात तो कधीच शिरत नाही असे मी म्हणणार नाही. पण डर्बनच्या घरातील प्रसंग घ्या. पाहुण्याच्या खोलीतील लघवीचे भांडे साफ करण्यावरून कस्तुरबांशी वाद झाला, आणि सेवाधर्माच्या या उपासकाने पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेले. हे त्यांनी स्वतः लिहिले नसते तर कोणाला कळणार होते? येथे लेखक स्वतःला सावरून घेत नाही. उलट त्या परक्या मुलखात ती बिचारी जाणार कोठे होती, हे वाचकाच्या मनात आल्यावाचून राहू नये, अशीच त्याची मांडणी आहे. एवढे मात्र खरे की ही हकीगत आपल्याला मिळते ती नवऱ्याच्या लेखणीतून.

त्याहून आपल्या विषयाला महत्त्वाचे आहे ते सार्वजनिक चुकीचे प्रकरण. १९१९ साली लोकांची पुरेशी तयारी नसताना आपण त्यांना सविनय कायदेभंगाची हाक दिली, ही आपली हिमालयाएवढी चूक, असे गांधीजींनी जाहीरपणे म्हटले. मार्कसच्या वहीत न सापडलेली नोंद ती हीच : मनातील विकाराची नव्हे, निर्णयाची. आणि तिची किंमत तीन वर्षांनी कळली. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलिस ठाणे पेटवले, पोलीस मारले गेले. बार्डोलीचा लढा तोंडावर आला होता, देश तापला होता. गांधीजींनी चळवळ थांबवली आणि पाच दिवसांचे उपोषण केले. तुरुंगात असलेले त्यांचे थोर सहकारी संतापले. अनेकांच्या मते तो निर्णय चुकीचा होता, आणि तो वाद आजही मिटलेला नाही. तो येथे मिटवण्याची गरजही नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की १९१९ ची नोंद जर वहीत नसती, तर १९२२ चा निर्णय घेण्याचे बळ कोठून आले असते? पुढे पडलेले पाऊल सर्वांच्या देखत मागे घेण्यासाठी, आपण चुकू शकतो याची सवय आधीच झालेली असावी लागते. रोजकीर्दीचे खरे काम ते. ती चूक टाळत नाही. चूक मान्य करताना जीभ अडखळू नये एवढी तयारी ती करून घेते. दिवाणजींच्या भाषेत, उलटी नोंद करायचा हात बसलेला असावा लागतो.

५

एवढ्या वह्या चाळल्यावर हाती काय लागले? माझ्यापुरती तीन प्रमेये मी मांडतो.

पहिले, नियमितपणाला पर्याय नाही. संकटात सापडल्यावर केलेले चिंतन म्हणजे धाड पडल्यावर लिहिलेली वही. तिच्यावर कोणी विश्वास ठेवू नये, लिहिणाऱ्याने तर नाहीच नाही. दुसरे, केवळ स्वभावाचा हिशेब पुरत नाही, कृतीचाही हवा. मी आज रागावलो का, एवढे विचारून थांबणारा नेता सज्जन राहील, पण 'माझ्या आजच्या हुकुमाने कोणाच्या ताटातली भाकरी गेली' हे विचारणार नाही. मार्कससारखा पुण्यवान माणूस जेथे कमी पडला ती जागा हीच. आणि तिसरे, वहीला तपासनीस हवा. आपल्याच लेकराकडे पाहताना आपलाच डोळा फितूर होतो, हे कोमोडसच्या बापाने सिद्ध केले.

हा तपासनीस आणायचा कोठून? रोमचाच तत्त्वज्ञ सेनेका याने आपली एक सवय लिहून ठेवली आहे. रात्री दिवा नेला की तो आपला सारा दिवस मनाशी तपासून पाही. आपल्या या सवयीची जाण असलेली पत्नी त्या वेळी गप्प बसून राही. चित्र मोठे रम्य आहे. पण मला राहून राहून वाटते की, ती बाई त्या वेळी गप्प बसली नसती तर? सेनेका हा नीरोचा गुरू आणि सल्लागार. त्या दरबारात काय चालले होते ते घरातल्या माणसाला दिसत नव्हते थोडेच! अंधारात तिने एखादा प्रश्न विचारला असता, तर कदाचित हिशेब अधिक चोख झाला असता.

या दृष्टीने मराठीत एक अनमोल पुस्तक आहे, ते रमाबाई रानडे यांचे १९१० साली प्रसिद्ध झालेले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. न्यायमूर्तींनी आपली वही आपण लिहिली नाही. ती पत्नीने लिहिली. पतीवर इतकी भक्ती असलेल्या बाईने लिहिलेले हे पुस्तक. तरीही पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणी न्यायमूर्तींनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले तेव्हा आपल्याला ते रुचले नाही, ही गोष्ट तिने झाकून ठेवलेली नाही. महाराष्ट्राला मान खाली घालून बसायला शिकवलेल्या बायकांच्या पिढीतली ही बाई. आणि तिची नजर मात्र खाली नव्हती. थोर पुरुषाच्या घरात असा एक जागा डोळा असणे हे त्याचे भाग्य, आणि त्याच्या अनुयायांचेही.

आजच्या पुढाऱ्यांना बोलायला साधने थोडी आहेत असे नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांचा शब्दन् शब्द टिपला जातो, चित्रित होतो, घराघरांत पोचतो. पण या साऱ्या नोंदी जमेच्या बाजूच्या. खर्चाची बाजू कोरीच. ती भरण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने करता येणार नाही, आणि तशी केली तर पगारी लेखक ठेवून त्याही वह्या भरल्या जातील!

परंतु ही टीका केवळ मंत्र्यासंत्र्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. पुढारीपण हे खुर्चीचेच असते असे थोडेच आहे? ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा दिवस बरा किंवा वाईट जातो तो त्या दुसऱ्यापुरता राजाच. शाळेचे मुख्याध्यापक, कारखान्यातील मुकादम, सोसायटीचे चिटणीस, घरातील कर्ते पुरुष, आणि सुनांच्या राज्यातील सासूबाई, या सर्वांना आपापले जांभळे वस्त्र आहे. संध्याकाळी दार उघडताच मुलांचे हसणे एकदम थांबते का, ही नोंद ज्या बापाने कधी केली नाही, त्याने रोमच्या बादशहाचे दोष काढू नयेत. हे वाक्य मी इतरांना उद्देशून लिहायला घेतले होते. लिहून झाल्यावर ध्यानात आले की ती माझ्याच वहीतली थकबाकी आहे.

त्या दुकानातील दिवाणजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. दुकानाचा हिशेब यंत्रावर होतो, एक रुपया चुकण्याची सोय उरलेली नाही. तरीही लक्ष्मीपूजनाला एक लाल वही चौरंगावर ठेवली जाते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते आणि मग ती वर्षभर कपाटात कोरी पडून राहते. गेल्या वर्षी मी ती घरी मागून आणली. रोज रात्री दोन ओळी लिहायचा नेम केला. नेम कितीदा मोडला ते मोजवत नाही. पण जी पाने भरली त्यांत खाडाखोड नाही, एवढे सांगतो. यंदा पाडव्याच्या आदल्या रात्री ती वही सौभाग्यवतींच्या हाती द्यायचे ठरवले आहे. तपासनीस म्हणून. शेरा काय पडेल याची धास्ती आहेच. पण लिहिलेल्या वहीला नमस्कार करायचा तर तेवढे भ्यायलाच हवे.